सूर्य कुणासाठी मंदावला?

सूर्य सर्वांचा आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वाड्यावर पडणारे ऊन आणि झोपडीवर पडणारे ऊन यांत तो भेद करीत नाही. म्हणूनच समतेचा दाखला द्यायची वेळ आली की वक्ते हमखास सूर्याकडे बोट दाखवितात. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही एक ठिकाण आहे, की जेथे सूर्योदय पाहायचा तर आधी नाव नोंदवून जागा राखून ठेवावी लागते. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी माउई नावाच्या बेटावरील हालेआकाला हा तो डोंगर. हे ऐकले की कुणीही चटकन म्हणेल, "आता सूर्यालाही तिकीट लावले का? धन्य आहे त्या अमेरिकेची!" माझे मत मात्र नेमके उलट आहे. त्या डोंगरावर आज जे काही चालते, त्यात हे तिकीटच सर्वांत न्यायाचे आहे. अन्याय असलाच, तर तो दुसरीकडे आहे, आणि तो सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आधी त्या डोंगराविषयी थोडेसे. 'हालेआकाला' या हवाईयन शब्दाचा अर्थ 'सूर्याचे घर'. त्याची उंची १०,०२३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. माउई बेटाचा पाऊण हिस्सा, किंबहुना त्याहूनही अधिक, या एकाच ज्वालामुखीने व्यापलेला आहे. लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर समुद्रातून वर आला. सह्याद्रीचा काळा पाषाण पायाखाली घेऊन वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपले दख्खनचे पठारही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असेच लाव्ह्याच्या थरांतून घडले. पृथ्वीच्या पोटात काही अतितप्त स्थाने आहेत, आणि त्यांच्यामुळे असे लाव्ह्याचे लोट वर येतात, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. दख्खनच्या लाव्ह्याचे नाते ते रियुनियन बेटाखालच्या स्थानाशी जोडतात, आणि हालेआकालाचे हवाईखालच्या स्थानाशी. फरक एवढाच, की आपला अग्नी केव्हाच विझला आणि तिथला नुसता निजलेला आहे. हालेआकालाचा शेवटचा उद्रेक सुमारे चारशे ते सहाशे वर्षांपूर्वी झाला. माथ्यावर सात मैल लांब आणि दोन मैल रुंद असा प्रचंड खोलगट भाग आहे. त्याला 'विवर' म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो स्फोटाने पडलेला नाही. पावसाने आणि ओढ्यांनी कोरलेल्या दोन दऱ्या माथ्याजवळ एकमेकींना येऊन मिळाल्या, आणि पुढे त्यांच्या तळाशी नव्या लाव्ह्याने राखेच्या लाल-तपकिरी टेकड्या उभ्या केल्या.

या माथ्यावरून दिसणाऱ्या सूर्योदयाची कीर्ती जुनी आहे. मार्क ट्वेन हा अमेरिकन विनोदकार १८६६ साली तेथे गेला होता, आणि १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने त्या देखाव्याचे वर्णन केले आहे. त्या काळी माथा गाठायचा म्हणजे घोड्यावरून नाही तर पायी जावे लागे. १९३५ साली माथ्यापर्यंत मोटाररस्ता झाला आणि सारे चित्र पालटले. समुद्रकाठापासून दहा हजार फुटांची चढण अवघ्या अडतीस-एक मैलांत पुरी होते. इतक्या थोड्या अंतरात इतकी उंची गाठणारे रस्ते जगात फार थोडे आहेत.

आज ही सफर साधारणपणे अशी चालते. समुद्रकाठच्या हॉटेलातून पर्यटकांना रात्री दोन-अडीचच्या सुमारास गाडीत घेतात. खाली अंगाला घाम फुटेल असा उकाडा, तर माथ्यावर पाणी गोठायला आले आहे अशी थंडी. हॉटेलातल्या चादरी अंगाभोवती गुंडाळून माणसे अंधारात कठड्याशी उभी राहतात. पायांखाली ढगांचा पांढरा समुद्र. पूर्वेला प्रथम करडी रेघ उमटते, मग केशरी छटा येते, आणि मग क्षणभर सारे स्तब्ध होते. कधी कधी उद्यानाचा एखादा रक्षक हवाईयन भाषेत सूर्याचे स्तवन म्हणतो. मग सूर्य वर येतो, कॅमेरे सरसावतात, आणि अर्ध्या तासाच्या आत माथा रिकामा होऊ लागतो. नंतरचा कार्यक्रम सायकलींचा. गाडीमागे जोडलेल्या गाड्यावरून भक्कम ब्रेकच्या सायकली उतरवितात, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात वारा अडविणारे जाकीट चढवितात, आणि मंडळी वळणावळणांच्या रस्त्याने खाली सुटतात. कुरणे, निलगिरीची झाडी, मकावाओ गाव, आणि शेवटी समुद्रकाठचे पायिआ. पायडल मारण्याचे काम जवळजवळ नाहीच. सांभाळायचा तो फक्त ब्रेक!

या उतारसफरीत आनंद नाही असे मी म्हणणार नाही. गावाकडच्या उतारावर जिने सायकल मोकळी सोडली आहे, तिला तो आनंद वेगळा सांगावा लागत नाही. पण उताराचा वेग अनोळखी माणसाच्या हाती दिला की काय होते, हेही या डोंगराने पाहिले आहे. जीवघेणे अपघात झाल्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने आपल्या हद्दीतील व्यावसायिक सायकलसफरी बंद केल्या. तेव्हापासून सफरीवाले पर्यटकांना सूर्योदय दाखवून पुन्हा गाडीत बसवितात आणि हद्दीबाहेर, सुमारे ६,५०० फुटांवर, सायकली हाती देतात. स्वतःच्या बळावर सायकल चालवीत चढणाऱ्याला मात्र आजही कुणी अडवीत नाही. मला हा भेद फार अर्थपूर्ण वाटतो. जो चढला त्याला रस्त्याची ओळख झालेली असते. ज्याला चढविले गेले त्याला ती नसते.

दुसरा निर्णय २०१७ सालचा. माथ्यावर गाड्या उभ्या करण्याची सोय सुमारे दीडशेंची, आणि पहाटे येत तीनशेहून अधिक. लोक रस्त्याच्या कडेला, झुडपांवर, मिळेल तेथे गाड्या घालीत. अंधारात कठड्यापलीकडे जात. कुणी आजारी पडले तर रुग्णवाहिकेला वाट मिळेना. तेव्हा १ फेब्रुवारी २०१७ पासून पहाटे तीन ते सात या वेळेत येणाऱ्या प्रत्येक गाडीला आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचे शुल्क एक डॉलर. उद्यानाचे प्रवेशशुल्क निराळे, पण ते तर दिवसा येणाऱ्यालाही पडते. म्हणजे पाहा, सूर्याची किंमत वाढविलेली नाही. गर्दीला मर्यादा घातली आहे. आणि ती मर्यादा पैशाने नव्हे, रांगेने घातली आहे. जागा कमी आणि मागणारे फार, अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक, जो जास्त पैसे देईल त्याला द्या. दुसरा, जो आधी येईल त्याला द्या. पहिल्यात गरिबाचा नंबर कधीच लागत नाही. दुसऱ्यात निदान लागू शकतो. रेशनच्या आणि वसतिगृहाच्या यादीकडे डोळे लावून मोठे झालेल्यांना हा फरक पुस्तकात वाचावा लागत नाही.

येथवर व्यवस्थेचा भाग झाला. पण माझे खरे म्हणणे त्याच्या पुढचे आहे, आणि ते समजायला या डोंगराला 'सूर्याचे घर' हे नाव का पडले ते पाहिले पाहिजे.

हवाईच्या लोकांची कथा अशी आहे. फार पूर्वी सूर्य आकाशातून घाईने धावत जाई आणि दिवस पुरा होण्याच्या आत मावळे. माउई नावाच्या वीराची आई हिना झाडाची साल कुटून 'कापा' नावाचे वस्त्र तयार करीत असे. ते उन्हात वाळवायचे असे. पण दिवस इतका तोकडा, की वस्त्र ओलेच राही. आईचे कष्ट वाया जाताना मुलाला पाहवेना. तो दोर वळून हालेआकालाच्या माथ्यावर दबा धरून बसला. सूर्याचा एकेक किरण वर येऊ लागला, तसतसा त्याने तो फासात पकडला. अखेर सूर्य शरण आला आणि हळू चालण्याचे त्याने कबूल केले. दिवस लांबला, आणि हिनाचे वस्त्र वाळले.

जगात सूर्याच्या कथा पुष्कळ आहेत. कुठे तो देव आहे, कुठे राजांचा मूळपुरुष. पण एका कष्टकरी बाईचे काम पुरे व्हावे म्हणून सूर्याला अडविल्याची ही कथा मला विशेष वाटली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. माझी आई उन्हाळ्यात इतरांची वाळवणे करून देते. कुरडयांचा चीक शिजवून झाला आणि नेमके मळभ आले, की तिचा जीव खालीवर होतो. तिच्या लेखी ऊन हे दृश्य नव्हे. ते तिचे भांडवल आहे. म्हणून हिनाची अडचण मला टीपा वाचून समजून घ्यावी लागली नाही.

या कथेचा कौल स्पष्ट आहे. त्या डोंगरावर सूर्य पकडला गेला तो पाहण्यासाठी नव्हे, तर खाली राबणाऱ्या माणसाला पुरेसा दिवस मिळावा म्हणून. तेव्हा तेथील पर्यटनाची परीक्षा करायची तर प्रश्न हाच विचारला पाहिजे: आज त्या बेटावर दिवस कुणाच्या वाट्याला येतो?

उत्तर सुखाचे नाही. हवाईचे राज्य एके काळी स्वतंत्र होते. १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली, आणि १९५९ मध्ये हवाई हे तिचे घटकराज्य झाले. मध्यंतरी १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून हद्दपार झाली; तिला राजभाषेचा मान परत मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. ज्या भाषेत 'हालेआकाला' या नावाला अर्थ आहे, तीच भाषा शाळेबाहेर उभी होती! जमिनी उसाच्या मळ्यांखाली गेल्या. ते मळेही एकेक करून बंद पडले, आणि माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस थांबला. आता हाताला काम म्हणजे मुख्यतः पर्यटन. कुणाला सूर्योदय दाखवायचा तर कुणीतरी मध्यरात्री उठून गाडी बाहेर काढावी लागते, सायकली तपासाव्या लागतात, आणि पाहुणे परत येईतो खोल्या आवराव्या लागतात. सफरीवरील पाहुण्याची पहाट हौसेची असते. चालकाची पहाट पोटाची असते.

त्यात घरांचा प्रश्न. बेट लहान, आणि पुष्कळ घरे पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देण्यात गुंतलेली. राबणाऱ्याला परवडेल असे घर मिळणे कठीण. ८ ऑगस्ट २०२३ रोजी लाहाइना हे जुने शहर वणव्यात जळून गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी हालेआकालाच्या उतारावरील कुला भागातही आग लागली होती. घरे गमावलेल्या कित्येकांना हॉटेलांच्या खोल्यांतून ठेवावे लागले. दोनच महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, पश्चिम माउई पर्यटकांसाठी पुन्हा खुले करण्यास सुरुवात झाली. हजारो रहिवाशांनी सह्या करून "एवढी घाई नको" अशी विनंती केली होती. पण ज्यांचा पगार थांबला होता असे दुसरे रहिवासी "पाहुणे येऊ द्या" असेही म्हणत होते. दोघेही खोटे नव्हते. मे २०२४ मध्ये तेथील महापौरांनी अशी सुमारे सात हजार घरे पर्यटकांऐवजी रहिवाशांना मिळावीत असा प्रस्ताव मांडला, तो याच पेचातून.

माणसांचे हे झाले. मुक्या जिवांचेही निराळे नाही. हालेआकालाच्या माथ्याकडे 'आहिनाहिना' नावाची रुपेरी पानांची वनस्पती उगवते. ती अनेक दशके जगते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. आपल्याकडील कारवी सात वर्षांनी फुलून संपते, तशीच ही, पण कितीतरी सावकाश. पूर्वीचे पर्यटक 'आम्ही माथ्यावर जाऊन आलो' याची खूण म्हणून ही रोपे उपटून आणीत. शेळ्यांनी आणि माणसांनी मिळून ती जवळजवळ संपविली होती. कुंपणे घातली, कायद्याचे संरक्षण दिले, तेव्हा कुठे ती सावरली. आजही तिच्या बुंध्याजवळ नुसते पाऊल पडले तरी वरच्यावर असलेली मुळे चिरडतात. 'नेने' हा तेथील रानहंस एकदा या बेटावरून नाहीसा झाला होता. १९६२ पासून त्याला पुन्हा आणून सोडण्यात आले. वणव्यातून, शिकाऱ्यांतून वाचलेला हा पक्षी आज रस्त्यावर मोटारीखाली मरतो. छायाचित्र काढून नेणाऱ्याला वाटते, आपण काहीच उचलून नेले नाही. पण एवढ्या मोठ्या संख्येने नुसते येणे, हेही नेणेच असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. पर्यटक कमी झाले तर त्या चालकाने खायचे काय? ऊस गेला, आता पाहुणेही घालविता काय? याला माझे उत्तर असे, की पाहुणा नको असे कुणी म्हणत नाही. पाहुण्याने घरच्यांच्या वेळा पाळाव्यात, एवढेच मागणे आहे. दीडशे गाड्या आल्या तरी चालकाला काम असतेच; तीनशे आल्या म्हणून त्याची मजुरी दुप्पट होत नाही, रस्ता तेवढा दुप्पट तुंबतो. मिळकत कुणाच्या खिशात जाते आणि गावकऱ्याला राहायला घर उरते की नाही, हे गाड्यांच्या संख्येवर ठरत नाही, नियमांवर ठरते. उलट, डोंगर उजाड झाला, नेने दिसेनासा झाला, उतारावर रोज अपघात होऊ लागले, तर पाहुणे आपोआप दुसरे बेट शोधतील, आणि चालक मात्र तेथेच राहील.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. माथ्यावर वेधशाळा आहेत. तेथील चार मीटर व्यासाच्या आरशाची सूर्यदुर्बीण जगातील सर्वांत मोठी असून तिने टिपलेली सूर्यपृष्ठाची पहिली छायाचित्रे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती उभी राहत असता, २०१५ आणि २०१७ साली, अनेक हवाईयन लोकांनी रस्ता अडवून निषेध केला आणि अटक करून घेतली. त्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. पण ज्यांच्या पूर्वजांनी त्या डोंगराला 'सूर्याचे घर' म्हटले, त्यांना सूर्य कळत नव्हता असे कसे म्हणता येईल? त्यांचा प्रश्न दुर्बिणीला नव्हताच. घरात शिरताना घरच्यांना कुणी विचारले का, हा त्यांचा प्रश्न होता; आणि पर्यटकालाही तोच लागू पडतो.

मी त्या बेटावर गेलेली नाही. पण कुणी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. जाणाऱ्याने रांगेत नाव घालावे, आपला दिवस येईल त्या दिवशी जावे, नाही मिळाला तर दुपारी जावे. सूर्य तेव्हाही आपल्या घरीच असतो. सायकलीचा उतार हवा असेल तर थोडी चढणही आपल्या पायांनी चढून पाहावी. आणि ज्याने पहाटे तीनला गाडी हाकली, त्याला एवढे तरी विचारावे, की बाबा, तुझे घर कुठे आहे, आणि तुला दिवसाचा किती वेळ घरी मिळतो?

आपल्यापैकी काही जण उद्या अधिकारी होतील, काही मार्गदर्शक, काही नुसतेच प्रवासी. कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही किनाऱ्यावर गर्दीला मर्यादा घालण्याचा प्रश्न आला, की "निसर्ग सर्वांचा आहे" हे वाक्य आपल्या कानी पडेल. वाक्य खरे आहे. पण त्या 'सर्वांत' खाली वस्त्र वाळत घालणारी हिना मोजलेली आहे की नाही, हे तपासून मगच त्याला मान डोलवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.